घोणस माणदेशातली की पाटण खोऱ्यातली?

काचेची कोरडी नळी, तिच्यात पेशंटचं दोन मिली रक्त आणि वीस मिनिटांची वाट. नळी उभी ठेवायची, अजिबात हलवायची नाही. वेळ भरली की हळूच तिरकी करून बघायची. रक्त दह्यासारखं धरलेलं असेल तर जीव भांड्यात पडतो. पाण्यासारखं वाहिलं तर डॉक्टरांना हाक मारायची. सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी रक्त-लघवी तपासणीचं काम करते, आणि पावसाळा लागला की सर्पदंशाच्या पेशंटसाठी ही नळी हातात येतेच येते. नळी काचेचीच लागते. प्लास्टिकची असेल किंवा साबणानं धुतलेली असेल तर धडधाकट माणसाचं रक्तही नीट गोठत नाही आणि निकाल खोटा येतो. म्हणून या नळ्या मी वेगळ्या कपाटात ठेवते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

गेल्या पावसाळ्यात वाळवा तालुक्यातला एक पस्तिशीचा शेतकरी आला. लाईट रात्रीची होती, म्हणून बारा वाजता उसाला पाणी पाजायला गेलेला. बांधावर पाय पडला तो घोणशीवरच. घरच्यांनी कुठं इकडंतिकडं न नेता तासाभरात त्याला आमच्याकडं आणलं. त्यांच्या हातात होतं ते सगळं त्यांनी वेळेत केलं. नळीतलं रक्त गोठलं नाही. सर्पदंशावरच्या औषधाच्या दहा बाटल्या चढवल्या. सहा तासांनी पुन्हा नळी लावली, तर पुन्हा पाणीच. त्याचा चुलता माझ्या खोलीच्या दारात उभा होता. म्हणाला, "ताई, औषध तर दिलंय न्हवं? मग रगात अजून धरंना का?"

त्या रात्री मी त्यांना धीर दिला, उत्तर दिलं नाही. माणूस पुढं मिरजेला हलवला गेला, आणखी औषध लागलं, डायलिसिस लागलं, तीन आठवड्यांनी घरी आला. पण चुलत्याचा प्रश्न माझ्यापाशीच राहिला. त्या प्रश्नापायी गेल्या काही वर्षांतलं सर्पविषावरचं संशोधन मी जमेल तसं वाचत गेले. त्यातलं जे समजलं ते आपल्या भाषेत सांगते.

आधी घोणशीचं विष रक्ताचं काय करतं ते पाहू. लोक म्हणतात विषानं रक्त पातळ होतं. प्रत्यक्षात सुरुवातीला नेमकं उलटं घडतं. आपल्या रक्तात गोठण्याची सामग्री तयार असते, जखम झाली की ती थोडी थोडी वापरली जाते. घोणशीच्या विषातले काही घटक ही सगळी सामग्री एकदम कामाला लावतात. शरीरभर बारीक बारीक गुठळ्या होतात, विरघळतात, आणि तासाभरात कोठार रिकामं. लग्नात पहिल्याच पंगतीला सगळा स्वयंपाक संपावा आणि दुसऱ्या पंगतीला भांडी खरवडायची वेळ यावी, तसं. मग हिरड्यांतून रक्त येतं, लघवीतून येतं, सुई टोचलेल्या जागेतून थांबत नाही. मूत्रपिंडावर घाला बसतो तो वेगळाच.

इथंच सहा तासांचा हिशोब कळतो. गोठण्याची ही सामग्री यकृतात तयार होते आणि पुरेशी तयार व्हायला साधारण सहा तास लागतात. औषधानं विष बांधून ठेवलं असेल तर तेवढ्या वेळात नवा स्वयंपाक होतो आणि नळीतलं रक्त धरतं. विष अजून मोकळं फिरत असेल तर शिजलेलं लगेच संपतं. म्हणजे सहा तासांनंतरही नळीत पाणीच असेल, तर औषध अजून विषाला पुरतं भिडलेलं नाही.

का भिडत नाही? औषध कमी पडलं असेल, विष जास्त गेलं असेल. आणि तिसरं एक कारण असतं. ते समजायला औषध बनतं कसं हे बघावं लागतं.

सर्पविषावरच्या औषधाला दवाखान्यात आम्ही एएसव्ही म्हणतो, मराठीत प्रतिविष. ते बनवायची पद्धत १८९० च्या दशकातली आहे. अल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञानं नागाच्या विषावर पहिलं प्रतिविष तयार केलं. सापाचं विष काढायचं, अगदी थोडं थोडं घोड्याला टोचायचं, महिनोन् महिने मात्रा वाढवत न्यायची. घोड्याचं शरीर त्या विषाला ओळखायला शिकतं आणि रक्तात प्रतिपिंडं तयार करतं. प्रतिपिंड म्हणजे विषाच्या एखाद्या कणाला बरोबर मापानं बसणारी पकड. ते रक्त काढून, गाळून, शुद्ध करून त्याची पावडर बाटलीत भरली की झालं औषध. आजही आपण जे वापरतो ते याच रीतीनं बनतं. घोड्याला आयुष्यात बाकीचेही जंतू भेटलेले असतात, त्यामुळं बाटलीतल्या प्रतिपिंडांपैकी थोडीच विषाच्या कामाची असतात. उरलेली घोड्याचीच असतात आणि माणसाच्या शरीराला परकी वाटतात. म्हणून काही पेशंटना औषध सुरू होताच थंडी वाजते, अंगावर गांधी उठतात, क्वचित रक्तदाब कोसळतो. तयारीची नर्स अशा वेळी ॲड्रेनॅलिनची सिरिंज भरून हाताशी ठेवते.

भारतातलं प्रतिविष चार सापांसाठी असतं: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. एकाच बाटलीत चौघांवरचा उतारा, म्हणून कोणता साप चावला हे कळलं नाही तरी उपचार सुरू करता येतो. ही मोठीच सोय आहे. औषध बनवायला लागणारं बहुतांश विष तामिळनाडूतून येतं. चेन्नईजवळ इरुला आदिवासींची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकारानं ती १९७८ मध्ये सुरू झाली. पिढ्यान् पिढ्या साप ओळखणारी ही माणसं साप पकडतात, विष काढतात आणि साप पुन्हा रानात सोडतात. देशातल्या हजारो जिवांवर या लोकांचे उपकार आहेत.

पण घोडा शिकतो तो तिथल्या घोणशीच्या विषावर. वाळव्याच्या उसातली घोणस त्याला कधी भेटलेलीच नसते.

घोणस सगळीकडं एकच की, असं वाटतं. जात एकच आहे. विष मात्र एकसारखं नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांची प्रयोगशाळा बरीच वर्षं हेच तपासते आहे. देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या नाग-घोणशींचं विष त्यांनी काढून पाहिलं, तर घटकांचं प्रमाण जागेगणिक बदलत होतं. बाजारातलं प्रतिविष काही भागांतल्या विषापुढं चांगलं टिकत होतं, काही भागांतल्या विषापुढं तोकडं पडत होतं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांचा आणखी एक अभ्यास आला. देशातल्या ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींचं विष त्यांनी तपासलं आणि त्या त्या जागेच्या हवामानाशी ताडून पाहिलं. तापमान आणि पाऊस यांचा विषाच्या घडणीशी संबंध निघाला. कोरड्या भागातल्या घोणशींच्या विषात प्रथिनं तोडणाऱ्या घटकांचा जोर जास्त होता. हवामानाप्रमाणं सापाचं भक्ष्य बदलतं, आणि भक्ष्याप्रमाणं पिढ्यान् पिढ्यांत विष घडत जातं. शास्त्रज्ञ याचा अर्थ साधारण असा लावतात.

हे वाचलं आणि मला आपल्या दोन जिल्ह्यांचा नकाशाच डोळ्यांपुढं आला. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. इकडं सांगलीत शिराळ्याच्या पश्चिमेला चांदोलीचं जंगल, कृष्णाकाठी पाण्यानं भिजलेला ऊस, आणि जत-आटपाडीला माळरान. एसटीनं अर्ध्या दिवसात पार होईल एवढ्या पट्ट्यात देशातली किती हवामानं आली! ओल्या पाटण खोऱ्यातल्या घोणशीवरून कोरड्या माणमधल्या म्हसवडच्या घोणशीच्या विषाचा अंदाज बांधून चालत नाही. तिथलं विष तिथंच काढून तपासावं लागतं. वाळव्याच्या चुलत्याला मी आज भेटले तर सांगेन, औषध खोटं नव्हतं. ते आपल्या गावच्या सापाला ओळखत होतं की नाही, तिथं खरी अडचण असू शकते. कोयनेच्या रानातल्या चापड्यावर तर या चौघांच्या औषधाचा भरवसाच धरता येत नाही, कारण तो साप त्या चौघांत नाहीच.

दुसरी बाजू आता सांगते, कारण तिथं खरोखर आशा वाटावी असं काम चाललं आहे.

नागाचं आणि मण्यारीचं विष रक्ताच्या वाटेला फारसं जात नाही. मेंदूचा निरोप नसेतून स्नायूपर्यंत येतो, स्नायूवर त्या निरोपासाठी कुलपासारखी खोबण असते. या विषातले बारीक कण त्या खोबणीत जाऊन घट्ट बसतात. कुलपात काडी मोडून अडकावी आणि किल्ली जाऊ नये, तसं. पापण्या जड होतात, जीभ लुळी पडते, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. मण्यार आणखी पुढं जाते. तिच्या विषातला एक घटक नसेचं टोकच निकामी करतो. मग औषध देऊनही ते टोक लगेच जुळत नाही, नवं फुटेपर्यंत पेशंटला दिवसेंदिवस व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. मण्यारीचं औषध लवकर जायला हवं ते याच कारणानं. आणि उशीर होतो तोही मण्यारीतच, कारण तिचा दंश जवळजवळ दुखत नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, पहाटे पोटात दुखतं, घरचे म्हणतात पित्त झालं असेल. ऊसतोडीला आलेली बायामाणसं कोपीत भुईवर झोपतात. त्यांची लहान मुलं सकाळी डोळे उघडत नाहीत म्हणून आणलेली मी पाहिली आहेत.

कुलपात अडकणाऱ्या या कणांची एक मोठी सोय अशी, की नाग-मण्यारीच्या कुळात त्यांची घडण सारखीच असते. तीन बोटं पुढं काढलेल्या हातासारखी. एकाला धरणारी पकड मिळाली तर ती अनेक जातींना चालू शकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतली स्क्रिप्स संस्था, बंगळूरची सुनगर यांची प्रयोगशाळा आणि इंग्लंडमधली लिव्हरपूलची संस्था यांनी मिळून असं एक प्रतिपिंड शोधलं. ते घोड्याचं नव्हतं. प्रयोगशाळेत बनवलेल्या मानवी प्रतिपिंडांच्या प्रचंड साठ्यातून त्यांनी ते निवडून काढलं. वेगवेगळ्या खंडांतल्या नाग, मण्यार, आफ्रिकेतला मांबा यांच्या विषापासून त्यानं उंदरांना वाचवलं, नागराजाच्या विषापुढं मात्र अपुरं पडलं. मानवी प्रतिपिंड असल्यानं त्यात घोड्याचं काही नसतं, म्हणजे ती गांधी, ती थंडी टळण्याची शक्यता मोठी.

जानेवारी २०२५ मध्ये डेव्हिड बेकर यांच्या गटानं त्याहून वेगळी वाट दाखवली. बेकर हे २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी. त्यांनी ना घोडा घेतला, ना कुणाचं रक्त. विषाच्या कणाचा आकार संगणकाला दिला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडून त्याला बरोबर बसेल असं नवंकोरं प्रथिन आखून घेतलं. निसर्गात ते कुठंच नाही. शेतकऱ्यानं बैलाच्या मापानं जू करून घ्यावं, तसं हे. उंदरांवरच्या प्रयोगात मात्रा आणि विषाचा प्रकार यांप्रमाणं ८० ते १०० टक्के उंदीर जगले. ही प्रथिनं लहान असतात, उष्णतेत टिकतात, आणि जंतूंच्या पेशींत वाढवता येतात. उन्हाळ्यात ज्या उपकेंद्रात फ्रीजचा भरवसा नाही, तिथं अशा औषधाची किंमत काय असेल ते मला सांगायला नको.

मे २०२५ मध्ये आणखी एक अभ्यास गाजला. टिम फ्रीडे या अमेरिकी माणसानं जवळजवळ अठरा वर्षं स्वतःला सापांचं विष टोचून घेतलं होतं, चावूनही घेतलं होतं. त्याच्या रक्तातून शास्त्रज्ञांनी दोन प्रतिपिंडं वेगळी केली, त्यांना एका औषधाची जोड दिली आणि नागाच्या कुळातल्या १९ सापांच्या विषावर उंदरांत तपासली. १३ सापांपासून पूर्ण संरक्षण मिळालं, उरलेल्या सहांपासून काही प्रमाणात. ही बातमी आमच्याकडं मोबाईलवर फिरली तेव्हा एका तरुण सर्पमित्रानं मला विचारलं होतं, असं हळूहळू टोचून घेतलं तर चालेल का? नाही. फ्रीडे स्वतः एकदा मरता मरता वाचला. आता ते प्रतिपिंड भांड्यात वाढवता येतं, म्हणून पुन्हा कुणी तसं करायची गरजच नाही.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहते. हे यश जवळजवळ सगळं नागाच्या कुळातलं आहे. घोणस-फुरशाचं विष गुंतागुंतीचं, त्यात मोठमोठ्या विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, अनेक कुटुंबं आहेत, एका पकडीत मावत नाहीत. आणि आपल्या शिवारात पाय पडतो तो बहुतेक वेळा घोणशीवर. बत्तीस शिराळ्यानं नागाचं कौतुक केलं, तो सगळ्यांच्या ओळखीचा. पाचटात वेटोळं घालून बसलेली, कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारणारी घोणस मात्र अजून संशोधनाच्या रांगेत मागं उभी आहे.

तिच्यासाठी सध्या ज्याच्याकडं बघावं असं एक औषध आहे, व्हारेस्प्लाडिब. फ्रीडेच्या प्रतिपिंडांना जोड दिली ती याचीच. जवळजवळ सगळ्या विषारी सापांत आढळणारं एक विकर ते थोपवतं, आणि ते गोळीच्या रूपात घेता येतं. मुळात ते हृदयविकारासाठी तपासलं गेलं होतं आणि तिथं अपयशी ठरलं. भारत आणि अमेरिकेतल्या सर्पदंशाच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०२४ मध्ये आले. नेहमीच्या प्रतिविषाबरोबर गोळी दिली, तर एकूण रुग्णांत ठळक फरक दिसला नाही. दंशानंतर पाच तासांच्या आत गोळी मिळालेल्यांत मात्र सुधारणेचा कल दिसला. एवढ्यावर उड्या मारता येत नाहीत. पण रानात, बांधावर, रुग्णवाहिकेची वाट बघताना गिळता येईल अशी गोळी, या कल्पनेचा पाठपुरावा व्हायलाच हवा. दुसऱ्याच आजारावरची साधी गोळी विषावर कशी लागू पडते हे आपल्या शेजारीच घडलेलं आहे. महाबळेश्वरचा घाट उतरून गेलं की महाड लागतं. तिथं डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरली. त्याआधी हा विंचू चावलेली माणसं, विशेषतः मुलं, मोठ्या संख्येनं दगावत. ते प्रमाण या गोळीनं एकदम खाली आणलं. मोठं यंत्र नव्हतं, पेशंटच्या खाटेजवळ रात्र रात्र बसून केलेल्या नोंदी होत्या.

नवं औषध येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या हातात आहे ते वेळ. दंश झालेला पाय किंवा हात फळी-काठी लावून हलेनासा करायचा, माणसाला चालवायचं नाही, १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल त्या गाडीनं थेट रुग्णालय गाठायचं. दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही. आवळलेल्या दोरीनं पाय काळानिळा पडून आलेले लोक मी पाहिले आहेत, विषाआधी दोरीनंच त्यांचं नुकसान केलेलं असतं. साप मारून पिशवीत घालून आणायचीही गरज नाही. त्या धावपळीत दुसरा माणूस चावून घेतो. आणखी एक, जे पुष्कळांना माहीत नसतं: लहान मुलाला औषधाची मात्रा मोठ्या माणसाएवढीच लागते. साप समोर मूल आहे म्हणून विष कमी सोडत नाही. "एवढ्याशा पोराला दहा बाटल्या?" म्हणून घाबरणाऱ्या आज्यांना मी हे प्रत्येक वेळी सांगते. रात्री पाण्याला जाताना गमबूट आणि बॅटरी, आणि झोपताना खाट व चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी, एवढ्यानं कितीतरी दंश टळतात.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानं हिशोब मांडला की २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. एक चतुर्थांशाहून जास्त पंधरा वर्षांखालची मुलं, निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, आणि बहुतेक जण घरीच गेले, रुग्णालयाच्या वहीत त्यांची नोंदच नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचा कृती आराखडा जाहीर केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्यांना कळवलं की सर्पदंश हा नोंद सक्तीची असलेला आजार ठरवावा.

मी या नोंदीकडं आता वेगळ्या नजरेनं बघते. कोणत्या गावची घोणस, किती बाटल्यांनी रक्त धरलं, कितव्या तासाला धरलं, हे तालुक्यागणिक लिहिलं गेलं तर आपल्या भागातलं औषध कुठं तोकडं पडतं ते दिसू लागेल. मग इथलं विष काढून तपासायला कुणाला तरी यावं लागेल. माझ्या रजिस्टरमध्ये पूर्वी नाव, वय, वेळ आणि 'गोठलं' किंवा 'नाही गोठलं' एवढेच रकाने होते. श्रावणात मी पट्टीनं ओळी आखून आणखी तीन वाढवले: गाव, जागा, साप कुणी ओळखला. पहिली नोंद कडेगाव तालुक्यातल्या एका बाईंची आहे. जागा, शेणींचा ढीग. साप, घोणस, दिरानं मोबाईलवर फोटो काढलेला. रक्त चौदा तासांनी धरलं.